पाव: बेकरीतला, तराजूतला आणि देवाचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते लक्षात राहील. मुलीला शाळेत 'एक शब्द, अनेक अर्थ' असा प्रोजेक्ट दिलाय, तिने 'पाव' निवडला आणि घरात वाद पेटला. सासरे म्हणतात बेकरीत पीठ पायाने तुडवतात म्हणून पावरोटी, त्यांनी लहानपणी इंदूरला असंच ऐकलंय. भाऊ म्हणतो लादीचे चार भाग केले की एक भाग म्हणजे पाव, विषय संपला. आणि मुलगी विचारते की मग 'देव पावला' मधे देवाने नक्की काय केलं, पाव झाला का? तिघांपैकी सगळ्यात चांगला प्रश्न तिचा आहे हे आधीच सांगून टाकते.

मी गेली २६ वर्षं भाषांतर आणि मुद्रितशोधन करतेय, मधे काही वर्षं कोशाच्या कामातही होते, त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांनी माझी फजिती पण भरपूर केलीय. तर सरळ उत्तर असं की 'पाव' हा एक शब्द नाहीच. एकाच अक्षरांत बसलेले तीन वेगळे शब्द आहेत. बेकरीतला पाव पोर्तुगीजांकडून आला. पाव किलोतला पाव संस्कृत 'पाद' पासून आला. देव पावतो तो 'प्राप्' पासून आला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एका चाळीत राहणारी तीन वेगळी बिऱ्हाडं समजा, दारावर पाटी मात्र एकच.

आता हे मी म्हणते म्हणून ऐकू नका, कसं कळतं ते बघा, कारण मजा तिथेच आहे.

बेकरीतला पाव आधी घेऊ. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला जो शब्द आहे तो नाकातून म्हटलेल्या 'पांव' सारखा ऐकू येतो. तो आला लॅटिन 'पानिस' पासून, म्हणजे खरं तर त्याच्या 'पानेम' या रूपापासून. पोर्तुगीज भाषेची एक खोड आहे, लॅटिनमधला दोन स्वरांच्या मधला 'न' ती गिळून टाकते आणि त्याचा नुसता नाकातला सूर मागे ठेवते. हाताला लॅटिनमधे 'मानुस', पोर्तुगीजमधे 'मांव'. कुत्र्याला 'कानिस', तर 'कांव'. तसंच 'पानिस' चं 'पांव'. शेजारच्या स्पॅनिशने न ठेवला म्हणून तिथे ब्रेड म्हणजे 'पान', इटालियनमधे 'पाने'. १५१० ला पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५३४ ला वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ ला चिमाजीअप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच होती, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर हा शब्द कानावर पडायला भरपूर वेळ मिळाला. गोव्यात पाव करणाऱ्याला आजही पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीज 'पादेइरु' च. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येतो तो. यीस्ट मिळत नव्हतं तेव्हा हे लोक माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवायचे, आणि पाव, उंडो, पोई, कांकण असे प्रकार तिथे आहेत, त्यातली पोई मला स्वतःला सगळ्यात आवडते, पण ते असो.

इथे भाऊ म्हणेल की पोर्तुगीजमधे पांव आहे आणि मराठीत पाव आहे हा योगायोग नाही कशावरून. बरोबर शंका आहे, एका जोडीवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आम्ही काय करतो तर तोच आवाज असलेले दुसरे शब्द शोधतो. पोर्तुगीजमधला हा शेवटचा 'आंव' मराठीत येताना दर वेळी कसा वागतो? 'लेइलांव' चा आपण केला लिलाव. 'क्रिश्तांव' चा झाला किरिस्ताव, कोकणीत अजून नाकातला सूर ठेवून किरिस्तांव म्हणतात. मग 'पांव' चा पाव होणारच, दुसरं काय होणार. तीन शब्द एकाच पायवाटेने आले की तो योगायोग राहत नाही. आणि गंमत बघा, हिंदीने तोच लेइलांव घेतला पण त्यांच्या कानाला शेवटचा सूर 'म' सारखा लागला, म्हणून हिंदीत नीलाम. आपला लिलाव आणि त्यांचा नीलाम एकाच बोटीतून उतरलेत. या सगळ्या पोर्तुगीज शब्दांची आशियातल्या भाषांमधे मोजदाद करणारा माणूसही गोव्याचाच, बार्देशातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो, त्यांचं पुस्तक १९१३ चं आहे, आणि त्यांच्या नावात पण तोच 'आंव' बसलाय हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता सासऱ्यांची पायाची थिअरी. ती त्यांनी इंदूरला ऐकली हीच मोठी खूण आहे, कारण ती गोष्ट हिंदीतच चालते. हिंदीत पायाला 'पाँव' म्हणतात, बंगालीत पायाला 'पा' आणि ब्रेडला 'पाउरुटी', म्हणून तिकडे पायाने तुडवण्याची गोष्ट कानाला पटते. मराठीत पायाला पाव कधी कोणी म्हणतं का? आपल्याकडे ही थिअरी खरी असती तर पायरोटी झाली असती, आणि आपण वडापाय खाल्ला असता. कुठल्या बेकरीत कोणी पायाने पीठ तुडवलंही असेल, नाही असं मी म्हणत नाही, पण तो अन्न आणि औषध प्रशासनाचा विषय आहे, व्युत्पत्तीचा नाही. अनोळखी शब्द घरात आला की लोक त्याला ओळखीच्या शब्दाचे कपडे घालतात, त्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि ती नेहमी खऱ्या व्युत्पत्तीपेक्षा जास्त चविष्ट असते, म्हणून तर फॉरवर्ड होते. बाकी 'पावरोटी' या शब्दात दोन्ही तुकड्यांचा अर्थ रोटीच आहे, पोर्तुगीज रोटी अधिक हिंदी रोटी. आपण 'लेडीज बायका' म्हणतो ना, तसंच.

भावाची लादीची थिअरी जरा जास्त हुशार आहे, म्हणून तिला जरा जास्त वेळ देते. लादीचे चार भाग म्हणजे पाव, तर मग अख्ख्या ब्रेडला पाव सोडून दुसरं काहीतरी नाव असायला हवं ना? नाहीये. उंडो हा अख्खा, गोल, एकटा भाजलेला, त्यालाही पावच म्हणतात. बंगालीत पाउरुटी म्हणजे अख्खा ब्रेड. आणि वाण्याकडे जाऊन नुसतं 'एक पाव द्या' म्हटलं की तो साखरेचं वजन करतो, बेकरीत तेच म्हटलं की ब्रेड मिळतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या डोक्यात ते दोन वेगळे शब्द आधीपासून आहेतच. पण शेवटचा खिळा जपानमधे आहे. पोर्तुगीज तिथे १५४३ ला पोचले आणि ब्रेडला जपानी भाषेत आजही 'पान' म्हणतात. तोच पोर्तुगीज शब्द, फक्त जपानी कानाने नाकातला सूर 'न' म्हणून पकडला, आपल्या कानाने शेवटचा 'व' पकडला. जपान्यांकडे पाव किलोतला पाव नाही, पाद नाही, काही नाही, तरी शब्द हाच. मग कोरियन लोकांनी तो जपानीतून उचलला, तिथे त्याचं 'प्पांग' झालं.

टोकियोत कोणी मराठी माणूस नवीन गेला आणि 'पान-या' अशी पाटी वाचून दाखवली तर त्याला वाटेल चला, मसाला पान मिळालं. ती बेकरी असते. आणि इथे मुलीला प्रोजेक्टसाठी दुसरा शब्द फुकट मिळतो बघा, 'पान'. आपलं झाडाचं पान संस्कृत 'पर्ण' पासून. मद्यपानातलं पान 'पिणे' या अर्थाच्या संस्कृत 'पा' धातूपासून. जपानी आणि स्पॅनिश पान म्हणजे ब्रेड, लॅटिन पानिसपासून. पोलंडमधे पुरुषाला आदराने 'पान' म्हणतात, आपल्या 'श्री' सारखं, आणि तो स्लाव्ह भाषांमधला वेगळाच शब्द आहे. चार घरं, पाटी एक. बँकेत मागतात ते पॅन तर नुसती तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं.

माझी फजिती सांगते आता. काही वर्षांपूर्वी एका आयात करणाऱ्या कंपनीकडून लेबलं तपासायला आली होती, मशीनने फ्रेंचमधून मराठी केलेली, मी फक्त नजर टाकून द्यायची होती. फ्रेंचमधे ब्रेडचं स्पेलिंग पी, ए, आय, एन. उच्चार 'पँ' च्या जवळ जातो, पण मशीनला उच्चार थोडाच ऐकू येतो, मशीनने अक्षरं बघितली आणि इंग्रजी 'पेन', म्हणजे वेदना, समजून मराठी केलं. गव्हाच्या अख्ख्या पिठाच्या ब्रेडवर छापायचं होतं 'संपूर्ण वेदना'. चॉकलेटच्या पावावर 'चॉकलेटची वेदना', त्याच्या खाली साठवणुकीच्या सूचना, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते, पण खरी फजिती पुढे आहे. त्याच गठ्ठ्यात एक मराठी रेसिपी इंग्रजीत केलेली होती आणि त्यात 'पाव वाटी तेल' चं मशीनने 'ब्रेड बोल ऑइल' केलेलं, आणि ते माझ्या नजरेतून निसटलं. वेदनेवर हसत बसले आणि पाव वाटी सुटली. ते छापून गेलं, फोन आला, मी दोन दिवस तोंड लपवून होते.

त्या इंग्रजी 'पेन' चं मूळ वेगळंच आहे, लॅटिन 'पोएना', म्हणजे शिक्षा, दंड. 'पेनल्टी' त्याच घरातली. कोर्टाचं समन्स असतं ना, 'सबपीना', तेही शब्दशः 'दंडाच्या खाली', आला नाहीस तर दंड. फ्रेंच ब्रेड आणि इंग्रजी दुखणं, दोन्ही लॅटिनमधूनच आले, पण दोन वेगळ्या शब्दांपासून, आणि झिजत झिजत एकाच स्पेलिंगवर येऊन थांबले. नदीतले दोन वेगळ्या डोंगरांतले गोटे घासून घासून सारखेच गुळगुळीत होतात तसं. शब्द लहान असेल तर हे जास्त होतं, कारण दोन-तीन अक्षरांत वेगळेपणा राहायला जागाच किती असते.

याच्या उलटही होतं, सारखे अजिबात दिसत नाहीत पण नातं सख्खं. 'कंपनी' हा शब्द घ्या, आपल्या इतिहासात 'कंपनी सरकार' म्हणून बसलेला. त्यात 'कॉम' म्हणजे सोबत आणि पुढे 'पानिस', तोच ब्रेड. ज्याच्यासोबत भाकर मोडायची तो साथीदार, म्हणून 'कम्पॅनियन', आणि साथीदारांची टोळी ती कंपनी. म्हणजे वडापावातला पाव आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात चुलतनातं आहे, आणि पाव किलोशी त्याचं काही नाही. हे कोणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी थाप मारतेय.

वडापाव निघालाच आहे तर एक सांगून घेते. बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो इकडे आणला. पाव पोर्तुगीज. मिरचीचं झाड पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलं, पण तिला नाव मात्र आपण आपल्या घरातलं दिलं, संस्कृत 'मरिच', जे खरं तर मिऱ्याचं नाव होतं. म्हणजे वस्तू बाहेरची, शब्द घरचा. उरला वडा, तो 'वटक', अस्सल इथला. वस्तूचा प्रवास आणि शब्दाचा प्रवास वेगवेगळा असू शकतो हे मुलीला मिरचीवरून छान समजेल.

आणि पाव हा काही पूर्वी साधा पदार्थ नव्हता, तो खाल्ला की बाटलो असं समजायचे. मुंबईत १८४९ ला परमहंस सभा निघाली, गुप्त संस्था, जातिभेद मोडायचा म्हणून, आणि तिच्यात येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागायचा, ती परीक्षाच. ही सभा काढण्यात पुढे कोण होतं तर दादोबा पांडुरंग तर्खडकर, १८३६ ला मराठीचं व्याकरण लिहिणारे. व्याकरणकाराने पावावर क्रांती केली, मला तरी हा योग फार आवडतो.

आता तराजूतला पाव, जो माझा सगळ्यात लाडका आहे.

संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. आणि पाद म्हणजे चौथा हिस्साही. का? जनावराला चार पाय, एक पाय म्हणजे चौथा भाग. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आहेत आणि प्रत्येक अध्यायाचे चार पाद. श्लोकाच्या चौथ्या हिश्श्याला चरण म्हणतात, तोही पायच. म्हणजे पाव किलो साखर घेताना तुम्ही एक पाय साखर घेताय. त्यामुळे सासरेबुवांना सांगा, तुमचा पाय सापडला, पण तो बेकरीत नाही, वाण्याच्या तराजूत आहे. अर्धे मार्क द्यायला हरकत नाही.

पाद चा पाव कसा झाला? प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठीच्या मधल्या टप्प्यावरच्या भाषेत, दोन स्वरांच्या मधला एकटा 'द' गळून पडतो. 'पाद' चं 'पाअ' झालं, आता दोन स्वर शेजारी शेजारी आले की जीभ मधे काहीतरी टेकू घालते, कुठे 'य' घातला तर पाय, कुठे 'व' घातला तर पाव. आपण दोन्ही ठेवले आणि कामं वाटून दिली, चालायला पाय, मोजायला पाव. हिंदीने चालायला पाँव ठेवला आणि मोजायला पाव, फक्त चंद्रबिंदूचा फरक. म्हणजे हिंदीतले ते दोन खरोखर एकच शब्द आहेत.

इथे एक जरा चावट गोष्ट आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, प्रोजेक्टमधे घालायची की नाही तुमचं तुम्ही बघा. शाळेत संस्कृतच्या तासाला 'पूज्यपाद' आलं की वर्ग का हसतो? कारण मराठीत पाद म्हणजे दुसरंच काही. तो शब्द संस्कृत 'पर्द्' धातूवरून आलाय. तिथे 'द' एकटा नव्हता, 'र्द' असं जोडाक्षर होतं, आणि जोडाक्षर प्राकृतात गळत नाही, त्याचं द्वित्त होतं, म्हणजे तेच अक्षर दोनदा येतं, आणि मग मराठीत ते सुटं होऊन मागचा स्वर लांबतो. कर्णचा कान, सप्तचे सात, पर्णचं पान, तसंच हे. म्हणून पायातला द गेला आणि या दुसऱ्यातला टिकला. इंग्रजीतही दोन्ही शब्द आपल्या भावंडांच्या रूपात आहेत, तिकडे सुरुवातीच्या 'प' चा 'फ' झाला, पाद चा 'फुट' आणि पर्द् चा 'फार्ट'. भाषाशास्त्राच्या वर्गात हा नियम कोणी विसरत नाही, याच उदाहरणामुळे.

पाद चं गोत फार मोठं आहे. सव्वा म्हणजे 'सपाद', एक पाव जोडलेला. पाऊण म्हणजे 'पाद-ऊन', एकाला एक पाव कमी. फारसीतही पायाला पाय म्हणतात, म्हणून पायजमा, पायाचं वस्त्र. सायकलचं पेडल लॅटिन पायापासून, ऑक्टोपस ग्रीकमधे आठ पायांचा. आमच्या आजीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, सगळं तोंडपाठ होतं, आणि चार आण्यांना ती शेवटपर्यंत पावली म्हणायची. १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-ग्रॅम आले, शेर गेला. शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, त्याचा पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास. माप बदललं, पण पाव तसाच राहिला, आता तो २५० ग्रॅमचा झाला. दुकानदाराने वजन बदललं, शब्दाने दुकान बदललं नाही.

सोलापूर, बेळगावकडचे कोणी ओळखीचे असतील तर त्यांना विचारा, कन्नडमधे 'पावु' हे तांदूळ मोजायचं माप आहे, पावशेराचं, ते याच पाव चं रूप. पण जुन्या कन्नडमधे 'पावु' म्हणजे साप! तमिळ 'पांबु' चा भाऊ. कन्नडने पुढे शब्दाच्या सुरुवातीचा 'प' सोडून 'ह' धरला, तमिळमधे दूध 'पाल' तर कन्नडमधे 'हालु', तसाच सापाचा 'हावु' झाला. मापाचा पावु मात्र पावुच राहिला, कारण तो पाहुणा म्हणून नंतर आला, तेव्हा ही बदलाबदली होऊन गेली होती. शब्द कधी आला हे असं त्याच्या अंगावरच्या खुणांवरून कळतं.

आता मुलीचा प्रश्न. देव पावला. हा 'पावणे' आला 'प्र' अधिक 'आप्' पासून, म्हणजे प्राप्त होणे, पोचणे, मिळणे. प्राकृतात दोन स्वरांच्या मधल्या 'प' चा 'व' होतो, हा नियम तिला एकदा कळला की ती घरभर उदाहरणं शोधेल. दीपचा दिवा, मंडपचा मांडव, कच्छपचा कासव. तसंच प्राप् चं पाव. हिंदीतलं 'पाना', 'पाया' तेच. म्हणजे देव पावला याचा मूळ अर्थ देव आपल्यापर्यंत पोचला, हाकेला आला. गणपतीच्या आरतीत आपण 'संकटी पावावे' म्हणतो तेव्हा आपण देवाला संकटात धावून ये, पोच म्हणतो. मग पोचण्याचं मिळणं झालं, मिळण्याचं प्रसन्न होणं. पण जुना अर्थ मेलेला नाही, ऑफिसमधे रोज वापरतो, 'पैसे पावले' म्हणून पावती. मृत्यू पावणे मधेही तेच, मृत्यूपर्यंत पोचणे.

म्हणजे कोशात हे तीन पाव तीन वेगळ्या नोंदी म्हणून द्यावे लागतात, पाव एक, पाव दोन, पाव तीन. आणि देव पावणे, पैसे पावणे, मृत्यू पावणे हे तीन अर्थ मात्र एकाच नोंदीत, पोटात. मुलीच्या प्रोजेक्टचं नाव 'एक शब्द, अनेक अर्थ' आहे, तर काटेकोर बोलायचं तर 'एक शब्द, अनेक अर्थ' ही पावणे ची गोष्ट झाली, आणि पाव ची गोष्ट 'एक स्पेलिंग, अनेक शब्द' आहे. तिच्या बाईंना हे पटेल की नाही माहीत नाही, पण वहीत एक ओळ लिहायला हरकत नाही.

कोशात बघायची सोय नसेल तर घरच्या घरी एक युक्ती आहे, शब्दाला प्रत्यय लावून बघायचे. ब्रेडवाला पाव नाम आहे, त्याचं 'पावाला', 'पावाचा' होतं. मापाचा पाव तसा वाकत नाही, आपण 'पाव किलोला' म्हणतो, प्रत्यय पुढच्या शब्दाला जातो. देवाचा पाव क्रियापद आहे, तो 'पावला', 'पावेल', 'पावो' होतो. वाकवला की बिऱ्हाडं वेगळी दिसतात. मात्र वाकवल्यावर नवीन गोंधळही होतात बरं का. 'पाऊल' वाकलं की 'पावला' होतं, म्हणून 'देव पावला' आणि 'पावलापावलावर' यातले पावला सारखे दिसतात. आणि 'पावणे' तर कहरच आहे, पावणेसात मधलं पावणे म्हणजे पाद-ऊन, गावाकडे पाहुण्यांना पावणे म्हणतात ते 'प्राघूर्ण' पासून, आणि देव पावणे वेगळं. 'पावणेसातला पावणे आले, जेवणात पाव होता आणि देव पावला' असं वाक्य मुलीला पाठ करायला द्या, वर्गात भाव खाईल.

दोन शब्द असे आहेत की जे बघून मोह होईल, त्यांना या यादीत घालू नका. एक 'पावन', पावनखिंडीतला. तो पवित्र करणे या अर्थाच्या 'पू' धातूपासून, देव पावण्याशी त्याचं नातं नाही, दोन्हीत देवबिव असला तरी. आणि दुसरा पाऊस-पावसाळा, तो 'प्रावृष्' पासून.

अजून एक, कारण हल्ली मॉलमधे दिसतं. 'बाओ' नावाचा वाफवलेला पांढरा बन मिळतो, चिनी, आणि मला दोन जणांनी तरी सांगितलंय की बाओ आणि पाव एकच, पोर्तुगीज चीनच्या किनाऱ्यावर मकावला होते ना म्हणून. जुन्या इंग्रजी पुस्तकांत चिनी 'बाओ' चं स्पेलिंग 'पी, ए, ओ' असंच करायचे, आणि पोर्तुगीज पावावरचं नाकाचं चिन्ह काढलं की तेही तसंच दिसतं. दोन्ही मऊ, दोन्ही पिठाचे, दोन्ही बन, स्पेलिंग सारखं, पोर्तुगीज शेजारी. तरी संबंध शून्य. चिनी बाओ म्हणजे गुंडाळणे, आत सारण घालून गुंडाळलेला म्हणून बाओ. आवाज सारखा, वस्तू सारखी, आणि तरी परके. पावरोटीला पाय चिकटवणाऱ्यांना मी याचसाठी फार दोष देत नाही, सगळे पुरावे एका बाजूला दिसत असताना माणूस फसतोच.

प्रोजेक्टसाठी म्हणाल तर तीन रंगांत तीन पाव लिहा, प्रत्येकाखाली मूळ आणि त्याच्या भावंडांची रांग, ब्रेडखाली लिलाव आणि कंपनी, मापाखाली पाय, सव्वा, पाऊण, देवाखाली पावती. लिलाव मात्र विसरू नका, कारण बाई विचारतील की पोर्तुगीज कशावरून, आणि तेव्हा तिच्याकडे उत्तर हवं. सासऱ्यांचा पाय मापाच्या रांगेत पहिला लिहा, घरात शांतता राहील.